न्यू जर्सीत पहिलं घर घेतलंय, आता फर्निचर कसं घ्यायचं

घराची किल्ली हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून सगळे विचारायला लागतात, वास्तुशांत कधी? आणि एकदा तारीख ठरली की आपण त्या तारखेच्या आत घर भरायला निघतो, सोफा पाहिजे, डायनिंग पाहिजे, गेस्ट रूममधे बेड पाहिजे, लोक येणारेत, रिकामं घर कसं दाखवायचं. माझं पहिलं आणि अगदी कळकळीचं सांगणं हे आहे की वास्तुशांतीच्या तारखेसाठी फर्निचर घेऊ नका. खरं तर रिकामा हॉल पूजेला जास्त सोयीचा पडतो, मधे चौरंग मांडा, हवनकुंड ठेवा, भोवती सतरंज्या आणि चादरी टाका, चाळीस माणसं आरामात मावतात, आणि नवीन सोफ्यावर कुणी हळदीकुंकवाचा हात टेकवेल म्हणून तुमचा जीव वरखाली होत नाही. ज्येष्ठांसाठी आठ-दहा फोल्डिंग खुर्च्या मित्रांकडून मागून आणा, इथे प्रत्येक मराठी घराच्या गराजमधे त्या असतातच.

मी हे सगळं न्यू जर्सीच्या हिशोबाने लिहितोय कारण मला हीच बाजू नीट माहिती आहे, एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर, जर्सी सिटी वगैरे. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात असाल तर टॅक्स आणि कायद्याचा भाग वेगळा पडेल, बाकी बरंचसं तेच.

ज्यांचं क्लोजिंग (म्हणजे घर नावावर होण्याचा शेवटचा व्यवहार) अजून व्हायचंय त्यांनी हे आधी वाचा. लोन अप्रूव्ह झालं म्हणजे झालं असं नसतं, बँक क्लोजिंगच्या अगदी आधी तुमचं क्रेडिट परत तपासते. मधल्या काळात तुम्ही फर्निचरच्या दुकानात जाऊन त्यांचं कार्ड उघडलं किंवा सहा हजार डॉलरचा सेट हप्त्यावर घेतला तर क्रेडिट रिपोर्टवर नवीन चौकशी दिसते, नवीन कर्ज दिसतं, उत्पन्न आणि कर्जाचं गणित बदलतं आणि ऐनवेळी लोन अडकू शकतं. सेल संपत असेल तर संपू दे, असे सेल दर दोन महिन्यांनी येतात. तोपर्यंत फक्त बघा, फोटो काढा, मापं लिहून ठेवा, पण कार्ड स्वाइप करू नका.

क्लोजिंगनंतरही हातातले सगळे पैसे फर्निचरमधे घालू नका. न्यू जर्सीत घरामागे सरासरी भरावा लागणारा प्रॉपर्टी टॅक्स अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त आहे, तो फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असा चार हप्त्यांत येतो, शिवाय जुन्या घराचा वॉटर हीटर नाहीतर फर्नेस पहिल्याच हिवाळ्यात राम म्हणू शकतो. भाड्याच्या घरात असताना मेंटेनन्सला फोन केला की काम व्हायचं, आता तो फोन तुमच्याच खिशाला लागतो. आधी ही रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्यात फर्निचर बसवा.

आणि दुकानातले ते '१२ महिने शून्य टक्के व्याज' वाले बोर्ड जरा नीट समजून घ्या, कारण त्यातल्या बऱ्याच ऑफरमधे व्याज माफ नसतं, नुसतं पुढे ढकललेलं असतं. म्हणजे बारा महिन्यांत पूर्ण रक्कम फिटली तर व्याज शून्य, पण शेवटच्या तारखेला थोडी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लागतं, आणि या स्टोअर कार्डांचा दर चांगलाच चढा असतो. घ्यायचंच असेल तर एकूण रकमेला अकराने भागा आणि तेवढा ऑटो-पे लावून टाका. दुकानदार सांगतो तो मिनिमम हप्ता भरत राहिलात तर बहुतेक वेळा मुदतीत रक्कम फिटत नाही.

मग पहिल्या आठवड्यात लागतं काय? झोपायला चांगली गादी, जेवायला टेबल-खुर्च्या, बेडरूमच्या खिडक्यांना काहीतरी आडोसा, आणि दिवे. दिव्यांचं भारतातून आलेल्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही, इथल्या बऱ्याच घरांत हॉलमधे आणि बेडरूममधे छताला लाइटच नसतो, भिंतीवरचं बटण दाबलं की कुठलातरी एक प्लग चालू होतो आणि त्याला आपण लॅम्प लावायचा असतो. घर बघायला गेलो होतो तेव्हा दिवसाउजेडी गेलो होतो त्यामुळे अंधार कळलाच नाही असं बऱ्याच जणांचं होतं. तेव्हा सोफ्याच्या आधी दोन चांगले फ्लोअर लॅम्प आणा, पन्नास-साठ डॉलरमधे घर राहण्यासारखं होतं.

बाकी सगळं थांबू शकतं, आणि थांबलंच पाहिजे, कारण घरात राहिल्याशिवाय कळत नाही की आपण बसतो कुठे. ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, टीव्हीवर चकाकी कुठे पडते, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, पाहुणे आले की कुठे घोळका करतात. मराठी घरात माणसं किचनमधेच जमतात, चहा होईपर्यंत आयलंडला म्हणजे किचनच्या मधल्या ओट्याला टेकून उभी राहतात, आणि हॉलमधला महागडा सोफा शोभेला राहतो. मग आयलंडला चांगली पाठ असलेली तीन-चार स्टुलं जास्त उपयोगाची ठरतात. स्टुलाची उंची मात्र बघून घ्या, ३६ इंची काउंटरला २४ ते २६ इंचाचं स्टूल लागतं आणि ४२ इंची बारला साधारण ३० इंचाचं, ऑनलाइन दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि नावंही सारखीच असतात.

इथल्या कलोनियल पद्धतीच्या घरात पुढे एक फॉर्मल लिव्हिंग रूम असते आणि मागे किचनला लागून फॅमिली रूम. बिल्डरच्या मॉडेल होममधे पुढच्या खोलीत पांढरा सोफा, दोन आर्मचेअर, काचेचं टेबल मांडलेलं असतं आणि आपण तसंच करायला जातो. माझं स्पष्ट मत आहे की त्या खोलीत सोफासेट घालू नका. तिथे चांगला गालिचा टाका, भिंतीला लोड-तक्के लावा, पेटी-तबला ठेवा, पुस्तकांचं शेल्फ ठेवा, गणपतीत तिथेच मखर बसतं, दिवाळीत तिथेच फराळाची ताटं लागतात, आई-बाबा दुपारी तिथे लवंडतात. आपल्याला जमिनीवर बसायची सवय आहे आणि ती मुलांनाही लागू दे, त्यासाठी खोली रिकामी असणं ही चांगलीच गोष्ट आहे. यात दोन-तीन हजार डॉलर वाचतात ते वेगळेच.

आता मापं. घरातल्या प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडकीच्या खालची उंची, हीटिंगचे व्हेंट कुठे आहेत, प्लग कुठे आहेत, हे सगळं फोनमधे एका नोटमधे लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामान आत येण्याचा रस्ता मोजा. पुढचा दरवाजा साधारण ३६ इंची असतो पण आतले दरवाजे २८ ते ३२ इंचाचे, आणि टाउनहाऊसमधे जिना वळतो तिथे वर छत खाली येतं, तिथेच सोफा अडकतो. क्वीन साइजचा बॉक्स स्प्रिंग, म्हणजे गादीखालची पेटीसारखी चौकट, वाकत नाही, तो अशा जिन्यात वर जातच नाही, त्यासाठी दोन तुकड्यांत येणारा स्प्लिट बॉक्स स्प्रिंग मागा किंवा फळ्यांचा प्लॅटफॉर्म बेड घ्या म्हणजे बॉक्स स्प्रिंगच लागत नाही. किंगचा बॉक्स स्प्रिंग तसाही दोन भागांत येतो त्यामुळे तो उलट सोपा जातो. जर्सी सिटीत किंवा होबोकेनमधे काँडो असेल तर लिफ्टचं आतलं माप घ्या, आणि बिल्डिंगच्या ऑफिसला विचारा की सामानासाठी लिफ्ट आधी बुक करावी लागते का आणि डिलिव्हरीवाल्यांचा विम्याचा कागद लागतो का, बऱ्याच ठिकाणी लागतो आणि तो नसेल तर ट्रक खालूनच परत पाठवतात.

निळी पेंटर्स टेप घ्या आणि सोफ्याचं, टेबलाचं, बेडचं माप जमिनीवर आखा. दोन दिवस त्या रेघा न ओलांडता घरात वावरून बघा. चालायला ३० ते ३६ इंच जागा राहिली पाहिजे, सोफा आणि सेंटर टेबलात १४ ते १८ इंच, डायनिंगच्या खुर्चीमागे निदान ३६ इंच म्हणजे वाढणाऱ्याला मागून जाता येतं. शोरूमचं छत इतकं उंच असतं की तिथे सगळंच लहान दिसतं, तोच सेक्शनल म्हणजे तुकडे जोडून केलेला मोठा सोफा घरी आला की खोली गिळून टाकतो. टेप फार खरं बोलते.

सोफ्यावर जरा वेळ घालवा कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. बसून बघा म्हणजे दोन मिनिटं नाही, पंधरा-वीस मिनिटं बसा, घरी बसता तसे मांडी घालून बसा, आडवे व्हा, सेल्समन बघत असला तरी लाजू नका. सीटची उंची १७ ते १९ इंच चांगली, त्याहून खाली असेल तर आईला उठताना हात द्यावा लागतो. सीट खूप खोल असेल तर पाठ टेकत नाही आणि पाय लोंबकळतात, आपल्याकडची माणसं अंगापिंडाने लहान असतात आणि इथले बरेच सोफे सहा फुटी माणसासाठी केलेले असतात, त्यामुळे नवरा-बायको दोघांनीही बसून बघणं गरजेचं आहे. फ्रेम कशाची आहे विचारा, भट्टीत वाळवलेलं हार्डवुड किंवा चांगलं प्लायवूड असेल तर उत्तम, नुसतं 'वुड फ्रेम' म्हणाले तर अजून खोदून विचारा. फोमची घनता घनफुटाला १.८ पाउंड किंवा त्याहून जास्त हवी, नाहीतर दोन वर्षांत बसायच्या जागी खड्डा पडतो. पुढचा एक कोपरा सहा इंच उचला, दुसऱ्या बाजूचा पायही लगेच उचलला गेला तर फ्रेम घट्ट आहे, आणि तो जमिनीवरच राहिला तर फ्रेम पिळतेय, तो सोफा सोडून द्या.

लेदर घेणार असाल तर बाँडेड लेदर नको म्हणजे नको. चामड्याचा चुरा चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेला असतो, काही वर्षांत त्याची सालं निघायला लागतात आणि ती दुरुस्त होत नाहीत. टॉप ग्रेन म्हणजे वरच्या थराचं अस्सल लेदर परवडत नसेल तर सरळ चांगलं कापड घ्या. बसायच्या भागाला खरं लेदर आणि मागे-बाजूला नकली असाही प्रकार असतो, त्याला लेदर मॅच म्हणतात, किंमत कमी असण्याचं कारण तेच असतं.

कापडाच्या टॅगवर एक अक्षर असतं ते बघा. डब्ल्यू असेल तर पाण्याने पुसता येतं, एस असेल तर फक्त ड्राय क्लीनिंगचं सॉल्व्हंट चालतं, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स म्हणजे फक्त व्हॅक्यूम, बाकी काही नाही. ज्या घरात वरणभात आणि बटाट्याची भाजी टीव्हीसमोर खाल्ली जाते त्या घरात एक्स आणि एस घेऊच नका. कापड किती घासलं तर झिजतं याचाही आकडा असतो, डबल रब म्हणतात, १५ हजारांच्या खाली नको आणि लहान मुलं असतील तर ३० हजारांच्या वर बघा. हळदीचा डाग पडलाच तर आधी साबणाच्या पाण्याने टिपून घ्या, रगडू नका, आणि ते कव्हर निघणारं असेल तर धुऊन उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो हे आपल्या आज्यांना माहीतच होतं. त्यासाठीच सांगतो, कव्हर चेनने निघणारं आणि मशीनमधे धुता येणारं असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

गादीचं माप भारतापेक्षा वेगळं असतं, क्वीन ६० बाय ८० इंच, किंग ७६ बाय ८०, फुल ५४ बाय ७५, ट्विन ३८ बाय ७५. कॅलिफोर्निया किंग नावाचा प्रकार ७२ बाय ८४ असतो, म्हणजे लांब पण अरुंद, त्याच्या चादरी सहज मिळत नाहीत म्हणून टाळा. बारा इंच जाडीच्या गादीवर आपली सोलापुरी चादर खाली खोचायला पुरत नाही, ती पांघरायलाच वापरा. गादीवर शंभर दिवसांची ट्रायल देणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत, पण परत करताना पिकअपचे पैसे लागतात का आणि आधी किमान तीस दिवस झोपावं लागतं का हे वाचून घ्या.

आई-बाबा येणार असतील, आणि ते येतातच, बहुतेकदा सहा महिन्यांसाठी, तर त्यांच्या बेडचा वेगळा विचार करा. इथला जाड पिलोटॉप गादी अधिक नऊ इंची बॉक्स स्प्रिंग अधिक फ्रेम असा बेड २८-३० इंच उंच होतो, त्यावर चढायचं म्हणजे सत्तरीच्या माणसाला टाचा उंचावाव्या लागतात आणि रात्री बाथरूमला उतरताना पडायची भीती. बेड गादीसकट २० ते २३ इंच ठेवा, म्हणजे कडेला बसलं की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. गादी फर्म घ्या, मऊ गादीत त्यांची पाठ धरते. कडेला हात पोचेल असा दिवा, पाण्याच्या तांब्यासाठी छोटं टेबल, आणि खोलीत हात असलेली एक सरळ खुर्ची, बस एवढंच, पण हे तिकिटं काढायच्या आधी जमवा. गेस्ट रूमला शेवटी उरलेल्या पैशातला फुटॉन म्हणजे घडीचा सोफा-बेड टाकू नका, त्या खोलीत वर्षाचे सहा महिने कुणीतरी खरोखर राहणार आहे.

डायनिंगचं सोपं आहे. माणशी २४ इंच कड धरा, सहा जणांना ६० ते ७२ इंचाचं टेबल. आपल्याकडे शनिवारी चार कुटुंबं येतात म्हणून मधे पान टाकून वाढणारं टेबल घ्या. काचेचा टॉप नको, दिवसातून दहा वेळा पुसावा लागतो. खुर्च्यांना पांढरं कापड नको.

लाकडाबद्दल एकच गोष्ट मनात पक्की करा की किंमत लाकडाच्या नावावर नाही, आत काय आहे त्यावर ठरते. पार्टिकल बोर्डवर चिकटवलेला लाकडी रंगाचा कागद, एमडीएफ, प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पापुद्रा म्हणजे व्हेनिअर, आणि सगळ्यात वर भरीव लाकूड. पार्टिकल बोर्ड वाईटच असं नाही, लहान मुलाच्या खोलीतलं शेल्फ त्याचं असलं तर काही बिघडत नाही, पण ते एकदा जोडलं की परत उघडून दुसऱ्या घरी न्यायचं नाही, स्क्रूची भोकं सैल होतात, आणि बेसमेंटच्या दमटपणात ते फुगतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून बघा, कोपरे एकमेकांत दातासारखे अडकवलेले असतील तर काम चांगलं आहे, स्टेपल मारलेले असतील तर नाही.

लहान मुलं असतील तर हा भाग दोनदा वाचा. ड्रॉवरचं उंच कपाट भिंतीला बांधल्याशिवाय वापरू नका. मूल खालचे ड्रॉवर उघडून पायरीसारखं चढतं आणि कपाट अंगावर येतं, यात मुलं गेलेली आहेत. २०१६ मधे आयकियाने अमेरिकेत २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं याच कारणाने परत मागवली. त्यानंतर स्टर्डी नावाचा कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून बनलेल्या २७ इंच किंवा त्याहून उंच कपाटांना स्थिरतेच्या कडक चाचण्या लागू झाल्या, पण फेसबुक मार्केटप्लेसवर मिळणारं जुनं कपाट त्याच्या आधीचं असू शकतं, ते घ्यायच्या आधी सीपीएससीच्या, म्हणजे वस्तूंची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, परत मागवलेल्या वस्तूंच्या (रिकॉलच्या) यादीत बघा. इथल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे आत पोकळ, त्यात नुसता स्क्रू मारला तर हाताने निघतो. आत दर १६ इंचांवर लाकडी उभे खांब असतात, त्यांना स्टड म्हणतात, वीस डॉलरचं स्टड फाइंडर घ्या आणि स्क्रू त्यातच मारा.

देवघरालाही हेच. भिंतीवर फळी लावून त्यावर पितळी मूर्ती, समई, शंख ठेवणार असाल तर वजन बरंच होतं, स्टडशिवाय ते पेलत नाही. धूर शोधणाऱ्या अलार्मच्या बरोबर खाली देवघर नको, उदबत्तीने तो रोज वाजेल आणि मग कुणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवेल, जे अजिबात करू नका. कार्पेटवर समई ठेवायची असेल तर खाली मोठं ताट किंवा दगडी फरशी ठेवा. छोटं सागवानी देवघर सुट्या भागांत बॅगेतून येतं, मोठं हवं असेल तर एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानांत आधी बघून या. आणि झोपाळ्याची हौस असेल, ती असतेच, तर छताच्या तुळया कुठे आहेत आणि किती जड आहेत हे जाणणाऱ्या सुताराला दाखवल्याशिवाय हुक मारू नका, फ्रेमवर उभा राहणारा झोपाळा घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

खरेदी कुठे? रूट २२, रूट १७, रूट १८, रूट १ या रस्त्यांवर ओळीने दुकानं आहेत. एक लक्षात ठेवा, परॅमस बर्गन काउंटीत येतं आणि तिथे जुन्या कायद्यामुळे रविवारी फर्निचर विकायला बंदी आहे, आयकियासुद्धा बंद असतं, म्हणून तिकडे शनिवारी जा. एलिझाबेथचं आयकिया रविवारी उघडं असतं, शिवाय ते अर्बन एंटरप्राइझ झोनमधे, म्हणजे टॅक्सची सवलत असलेल्या खास भागात, असल्याने तिथे दुकानात प्रत्यक्ष जाऊन घेतलं तर सेल्स टॅक्स ६.६२५ टक्क्यांऐवजी निम्मा म्हणजे ३.३१२५ टक्के लागतो. तीन हजारांच्या खरेदीत साधारण शंभर डॉलर वाचतात. ऑनलाइन ऑर्डरला ही सवलत नाही, आणि होम डिलिव्हरी करणार असाल तर कुठला दर लागेल हे पैसे भरायच्या आधी काउंटरवर विचारा. डेलावेअरला जाऊन टॅक्स वाचवू असं बरेच जण म्हणतात, पण तिकडून आणून इथे वापरलं तर न्यू जर्सीला यूज टॅक्स म्हणजे न भरलेल्या सेल्स टॅक्सच्या जागी वापरावरचा टॅक्स द्यावा लागतो, तो टॅक्स रिटर्नमधे भरायचा असतो.

सेल प्रेसिडेंट्स डे, मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे आणि ब्लॅक फ्रायडेला लागतात. फ्लोअर मॉडेल विचारायला संकोच करू नका, शोरूममधला पीस असेल तर भाव करता येतो, आणि डिलिव्हरी फुकट करा, जुनी गादी उचलून न्या, असंही मागून घेता येतं. आपण भाजी घेताना भाव करतो तितक्याच सहज करा, इथले छोटे दुकानदारही त्याला तयार असतात. संपूर्ण रूमचा सेट घेतला तर स्वस्त पडतं असं सांगतात, पण त्यात नको असलेली दोन साइड टेबलं आणि एक आरसा आपल्या गळ्यात मारलेला असतो, तुम्हाला हव्या त्या वस्तूंची वेगळी बेरीज करून बघा.

जुनं फर्निचर घेण्यात कमीपणा अजिबात नाही. मराठी आणि इतर देसी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मूव्हिंग सेल सतत चालू असतात, कुणी भारतात परत निघालेलं असतं, कुणी टेक्सासला. आणि जुन्या अमेरिकन घरांचे एस्टेट सेल, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात ते, बघा, तिथे ओक, चेरी, मेपलच्या भरीव लाकडाची टेबलं आणि बुककेस नव्या पार्टिकल बोर्डच्या किमतीत मिळतात, हॅबिटॅट या सेवाभावी संस्थेच्या रीस्टोर नावाच्या जुन्या सामानाच्या दुकानांतही. ही टेबलं पॉलिश केली की पुढची तीस वर्षं जातात. गादी आणि कापडी सोफा मात्र अनोळखी घरातून नको, ढेकणांमुळे. लाकडी वस्तूचेही सांधे, ड्रॉवरचे कोपरे टॉर्चने बघा, काळे बारीक ठिपके किंवा कातड्यासारखी टरफलं दिसली तर हात न लावता परत या. आणि वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नका, कितीही गोड बोलत असला तरी.

ऑर्डर देताना डिलिव्हरी कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. कर्बसाइड म्हणजे रस्त्याच्या कडेला ठेवून जाणार, थ्रेशोल्ड म्हणजे दाराच्या आत, आणि व्हाइट ग्लव्ह म्हणजे खोलीत आणून, जोडून, खोकी घेऊन जाणार. दोनशे पाउंडाचा सेक्शनल कर्बसाइडवर आला आणि पाऊस असेल तर हाल होतात. डिलिव्हरीच्या चार्जवरही टॅक्स लागतो हे हिशोबात धरा. रिटर्न पॉलिसी दुकानात लावलेली असते, फोटो काढून ठेवा, रीस्टॉकिंग फी किती आणि कस्टम कापडाचा सोफा परत घेतात का हे बघा, बहुतेक घेत नाहीत.

न्यू जर्सीत घरगुती फर्निचरच्या डिलिव्हरीसाठी ग्राहकांच्या बाजूचे खास नियम आहेत आणि ते आपल्या लोकांना माहितीच नसतात. करारावर डिलिव्हरीची तारीख किंवा कालावधी लिहिलेला असायला हवा. त्या तारखेला माल देता येत नसेल तर दुकानाने आधी लेखी कळवायचं आणि तुम्हाला निवड द्यायची, ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत किंवा नवीन तारीख मान्य. मोडकी वस्तू किंवा वेगळ्याच रंगाची-मापाची वस्तू आली तर तुम्ही जाणूनबुजून स्वीकारल्याशिवाय ती डिलिव्हरी धरली जात नाही. 'स्टोअर क्रेडिट घ्या' असं म्हणत असतील तर हे शांतपणे सांगा, आणि ऐकत नसतील तर राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार करता येते.

माल आला की ट्रक जायच्या आत खोकी उघडायला लावा, पाय, मागची बाजू, खालचं कापड, ड्रॉवर सगळं बघा, फोटो काढा, आणि काही ओरखडा दिसला तर पावतीवर हाताने लिहून मगच सही करा, ड्रायव्हर घाईत असला तरी. सुटे स्क्रू आणि अॅलन कीची पिशवी त्या कपाटाच्या मागेच टेपने चिकटवून ठेवा. पैसे शक्य असेल तर क्रेडिट कार्डनेच द्या, कारण दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या सोफ्यासाठी आगाऊ पैसे दिलेले असतात आणि मधेच दुकान बंद पडलं तर कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट टाकता येतो, चेकने किंवा झेलने दिलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.